एका पाण्यात कोपर

कोपरीच्या बाबांची वाफेची होडी तेल प्यायची, आणि माझ्या एका खोट्या शब्दामुळे तिची ती खोड सात-आठ वर्षं कुणाला काढता आली नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की मी बाबांच्या विश्वासातला माणूस होतो. विश्वासातला होतो हे खरंच आहे. अवघड तेच आहे.

बाबा ठाण्याजवळच्या कोपरीचे आगरी. खाडीच्या काठाला त्यांची मिठागरं होती. अंगाने सडसडीत, मिठाने पायांना कायमच्या भेगा, आणि बसल्या जागी घटकाभर टिकायचं नाही. बैलगाडीत बसले की गाडीवानाच्या हातातला कासरा स्वतः घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत भात वाढून वरण येईपर्यंत त्यांचा भात संपलेला असे. कुणी ‘सावकाश’ म्हटलं की म्हणत, “सावकास जानारा पोचतो रे, पन तवर जत्रा उठलेली असते.”

अशा माणसाला मुंबईच्या एका व्यापाऱ्याची शर्यतीची होडी विकाऊ आहे असं कळलं. लांब, अरुंद, पितळी पट्ट्यांची, वाफेच्या इंजिनाची. बाबांना ती हवी होती त्याला कारण त्यांची बायको. तिला सगळे बाय म्हणत. बायचं माहेर कोपरला. तिथे तेव्हा आगगाडी थांबत नसे. ठाण्याच्या पुढे खाडी चिंचोळी होते आणि ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो, त्यामुळे शिडाच्या होडीने कोपरला गेलं की मुक्काम पडायचा. मिठागर आणि गुरं टाकून मुक्काम कसा करायचा, म्हणून बायचं जाणंच होत नसे. बाबांनी तिला शब्द दिला होता, “एका पान्यात कोपरला नेतो न एका पान्यात परत आनतो.” म्हणजे त्याच भरतीचं पाणी उतरायच्या आत घरी.

मी ठाण्यातल्या नौपाड्याचा. माझे वडील बाबांचे कागदपत्र लिहीत, त्यामुळे बाबांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. मी तेव्हा रेल्वेच्या कारखान्याच्या कोठीत कारकून होतो. कोठीत बसून मी खिळे आणि बोल्ट मोजून देई, पण बाबांच्या लेखी मी इंजिनातला जाणकार होतो, आणि तो समज मी कधी दूर केला नाही. होडी पारखायला त्यांनी मलाच मुंबईला पाठवलं.

विकणारा माणूस सरळ होता. त्याने इंजिनाच्या नळकांड्याचं, म्हणजे ज्यात दट्ट्या खालीवर होतो त्या भागाचं, झाकण काढून ठेवलं होतं. आत गंजू नये म्हणून चरबी भरलेली. तो म्हणाला, “हात घाला, बोट फिरवून बघा. मागून तक्रार नको.”

मी वाकून पाहिलं. चरबीचा वास आला. कसल्या जनावराची, हे विचारायचीही माझी छाती नव्हती. मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि म्हणालो, “ठीक आहे.” कोपरीला परतल्यावर बाबांनी विचारलं, “हात घालून बघलास?”

“हो,” मी म्हणालो.

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. मग बायला हाक मारून म्हणाले, “आयकलास का? बामनाचा पोर, आपल्यासाठी चरबीन हात घालून आला.” त्यांचे डोळे भरले होते. खरं सांगायची तीच वेळ होती, आणि ती मी घालवली.

ही गोष्ट बाबांनी इतक्या कौतुकाने सगळीकडे सांगितली की ती नौपाड्यात आमच्या घरी पोचली. वडिलांनी मला प्रायश्चित्त घ्यायला लावलं. खोटं बोललो असं सांगण्यापेक्षा पंचगव्य पिणं सोपं वाटलं. जी चरबी शिवलोच नव्हतो तिच्यासाठी मी जानवं बदललं.

होडी आली आणि पहिल्या महिन्यातच तेल मागू लागली. एरंडेलाचा बुधला सकाळी भरावा तो दुपारी रिकामा. तेल कमी पडलं की इंजिन कण्हायचं आणि वेग मरायचा. तेल घातलं की ते वाफेबरोबर धुराड्यातून बाहेर पडून जळायचं. खाडीकाठी माणसं नाकाला पदर, उपरणं लावून ओळखायची की बाबा आले. चेंदणीचे कोळी हाका मारत, “बाबा, होडीला जुलाब दिलाव का?” बाबा हसून उत्तर देत, “तुमच्या डोलीच्या जाल्याला देऊ का थोरा?” पण घरी आल्यावर गप्प होत.

त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त माझ्यावर नाही. आधी तेल्याला बदललं. मग तिळाचं तेल, मग खोबरेल, मग पुन्हा एरंडेल. धुराडं खरवडून घेतलं. होडीला नजर लागली म्हणून पुढच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. शेवटी मुंबईच्या त्या विकणाऱ्याला शिव्या देऊ लागले. जेवताना, बांधावर, चारचौघांत. “चोर त्यो. आजारी घोरा रंगवून विकलान मना.” मी समोर बसून ऐकत असे.

इंजिन चालवायला पेद्रू होता, खाडीपलीकडचा किरिस्ताव. अबोल, कामाला चोख. तो दर पावसाळ्याआधी म्हणायचा, “बाबा, झाकण काढू. आत चीर असल. मुंबईला नेऊन घासून आणू, चार दिसांचं काम.”

“नाय,” बाबा म्हणत. “कारकुनानी हात घालून बघलाय. त्यानी आपला धरम मोरला रं माज्यासाठी. आता मी झाकन कारला तं त्याच्या तोंडावर थुकल्यासारका होल.”

पेद्रू माझ्याकडे बघे. मी पाण्याकडे बघे.

बायला घेऊन ते पाच-सहा वेळा तरी निघाले. एकदा मीही बरोबर होतो. रेल्वेच्या पुलाखालून जाताना धुराडं आडवं केलं, बायने डोक्यावरची माहेरी न्यायची टोपली सांभाळत मान खाली घातली, सगळे हसलो. कोपरला पोचलो, तेव्हा बाय जेमतेम बहिणीच्या अंगणात टेकली असेल, तोच बाबांनी उठवलं. परतताना तेल संपलं, इंजिन कण्हू लागलं, आणि चिंचोळ्या जागी पाणी आमच्याखालून निघून गेलं. भर दुपारी होडी चिखलात तिरपी. बाय टोपलीतल्या भाकऱ्या वाटत म्हणाली, “बरा झाला. माहेरात बसाला नाय मिलला, हितं तरी बसू.” बाबा हसले नाहीत. चिखलात उतरून ते एकटेच होडीला खांदा लावून ढकलत राहिले. ती हलणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं.

एका पाण्यात कोपर कधी झालंच नाही. पुढे एका थंडीत बाय तापाने गेली. त्यानंतर बाबा होडीत बसले नाहीत. ती कल्याणच्या एका वखारवाल्याला विकायची ठरली, तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि पेद्रूला सांगितलं, “आता झाकन कार. घेनाऱ्याला उघरून दाव. मी फसलो, त्याला नको फसवू.”

पेद्रूने झाकण काढलं. बाबा बंदरावरच्या दगडावर बसले होते. मी होडीत उतरलो, बाही वर सारली आणि आत हात घातला. कोपरापर्यंत काळं, चिकट तेल. भिंतीवरून बोट फिरवलं तर वरपासून खालपर्यंत एक खोल ओरखडा लागला. शोधावा लागला नाही. पहिल्याच दिवशी लागला असता.

तसाच हात घेऊन मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. “बाबा, मी तेव्हा हात घातला नव्हता. आज पहिल्यांदा घातला.”

त्यांनी माझा हात पाहिला, मग होडी.

“कनाला नाय घातलास?”

“चरबी होती.”

“तवाच बोलाचा ना. मी पेद्रूला धारला असता.” एवढंच. बायचं नाव त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. मग खांद्यावरचं उपरणं माझ्याकडे टाकून म्हणाले, “हात पूस. न त्या मुंबईवाल्याला कागद लिव. मी त्याला आठ वरसा चोर बोललो. नाव माजा घाल.”

कागद मी लिहिला, पण नाव त्यांचं घातलं नाही, माझं घातलं. तो माणूस हयात होता की नाही ते मला माहीत नव्हतं, उत्तरही आलं नाही. पाठवण्याआधी मी तो बाबांना वाचून दाखवला, कारण तो त्यांनाही होता. “आपण हात घालून पाहा म्हणालात. मी घातला नाही, आणि घातला असं सांगितलं. आपण चोर नव्हता. ज्या बाईंना एका पाण्यात माहेरी जाऊन यायचं होतं, त्या आता नाहीत. दोष इंजिनाचा नव्हता, तेलाचा नव्हता, आपला नव्हता. माझा होता. मला क्षमा करा.”