राणेकाकांच्या यंत्राला बंदी

रोज पाच वाजले की राणेकाका कारखान्यातले दिवसभराचे सगळे कागद पत्र्याच्या डब्यात जाळायचे. राख हाताने चुरायचे आणि मगच मला म्हणायचे, "जा आता घराक." नाहूरच्या त्या शेडमध्ये आम्ही दोघंच. ते फौजेत तारायंत्रं सांभाळून निवृत्त झालेले, मी त्यांची टायपिस्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. म्हातारा वेडा आहे, असं मला पहिला महिनाभर वाटत होतं.

ते टेलिप्रिंटरला जोडायचं यंत्र बनवत होते. मी मजकूर टाइप करायचा, यंत्रातून नुसती अक्षरांची खिचडी निघायची. शेडच्या दुसऱ्या टोकाला जोडीचं यंत्र होतं, त्यात मजकूर पुन्हा जसाच्या तसा. एकदा कंटाळून मी टाइप केलं, 'काका, चहा कधी पाजणार?' पलीकडून काका ओरडले, "आत्ता पाजतंय गो!"

मोंबासाच्या एका व्यापाऱ्याने ती जोडी मागितली. एक यंत्र त्याच्याकडे, एक त्याच्या मुंबईच्या पेढीत; तारेतले भाव वाटेत कुणाला कळायला नकोत. निर्यातीच्या अर्जात 'टेलिप्रिंटरचा सुटा भाग' लिहू, मी म्हटलं. काका भडकले. "फौजेत होतंय मी! सरकाराशी खोटा बोलू? गुप्त संदेशांचा यंत्र, असाच लिही."

"लिहिते. मग बसा बोंबलत!" मी म्हणाले, आणि तसंच टाइप केलं.

महिन्याभरात दिल्लीहून दोन साहेब आले. असलं यंत्र देशाबाहेर जाणार नाही, म्हणाले. दोन्ही यंत्रं आणि त्यांचे सगळे नकाशे घेऊन गेले. याबद्दल घरच्यांशीसुद्धा अवाक्षर काढणार नाही, अशा कागदावर आम्हा दोघांची सही घेतली. माझा नुसता संताप झाला. काकांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

आमची खोली त्यांच्या शेजारचीच. भिंतीपलीकडून काकींचा आवाज यायचा, "आठ वर्सा लोखंडाशी खेळलात, निघाला काय?" काकांचा आवाज कधीच यायचा नाही.

"काकींना तरी सांगा ना," मी एकदा म्हटलं.

"सही केलंय गो."

पुढच्याच वर्षी ते झटक्याने गेले. बाराव्याला काकींनी मला स्वयंपाकघरात ओढलं, हात घट्ट धरला. "तू होतंस ना थंय? हे नेमका काय करीत होते गो? चांगला काय तरी होता ना?"

"मला नाही ठाऊक, काकी," मी म्हणाले.

त्यांनी हात सोडला. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर सहीला काही बाध येत नव्हता. तेवढंही मला त्या वेळी सुचलं नाही.