बटणांची फेरी

परवा फोनवर तुम्ही दोघं विचारत होतात, आपल्या घरात लिनक्स पहिल्यांदा कुणी आणलं. मी म्हणाले, तुमच्या आईनं, आणि लगेच तिकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. विषय का बदलला ते लिहून कळवते. बोलून मला जमलं नसतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले होते. तुमचे बाबा कुपवाडला कारखान्यात जात. तुमची आई नवी सून होती. वडूजकडची, वडील फौजेतून परत येऊन शेती करणारे. कॉम्प्युटरची पदविका तिनं पहिल्या वर्गात मिळवली होती, पण बोलण्यात ‘लय’ आणि ‘न्हाई’ यायचं. माझ्या जुन्या सहकारी घरी आल्या की मी तिला चहाच्या निमित्तानं आत पाठवत असे. तेही आता आठवलं की बरं वाटत नाही.

घरात सुटे भाग जोडून घेतलेला कॉम्प्युटर होता. एका मासिकाबरोबर लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची फुकट सीडी आली आणि चार रविवार खपून तिनं ती त्यावर चढवली. तुमचे बाबा जेवताना चिडवायचे, “फुकट ते पौष्टिक.”

ती म्हणायची, “फुकट न्हाई हो, सगळ्यांचं हाय ते. आत काय लिहिलंय ते उघडून बघता येतं. तुमच्या त्या विकतच्याला झाकण उघडायची सोय हाय का?”

त्याच सुमारास माझ्या शाळेला कॉम्प्युटरच्या शिक्षिका हव्या होत्या. शाळेत एक यंत्र देणगीत आलं होतं, प्रोग्रॅम विकत घ्यायला पैसे नव्हते. मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली तयार झालेल्या. त्या म्हणाल्या, सूनबाईंनी ग्रंथालयाची यादी आपल्या लिनक्सवर करून दोन महिन्यांनी एका शनिवारी दाखवावी, पसंत पडली तर जागा त्यांची. तुमच्या आईनं दोन महिने दुपारी घरी बसून शाळेच्या रजिस्टरांमधली पुस्तकं एकेक करून भरली. तिला ती नोकरी फार हवी होती. घरात तिला कुणी हुशार म्हणत नव्हतं, हे माझ्या लक्षात असूनही मी म्हटलं नव्हतं.

आता माझी सवय सांगते. साताऱ्याला माहेरी वडिलांचा नियम होता, घराबाहेर पडताना फ्रीज सोडून प्रत्येक बटण बंद करायचं. मी त्याला बटणांची फेरी म्हणते. यादी दाखवायच्या आठवड्यात, बुधवारी दुपारी तुमची आई दळण आणायला निघाली. जाताना म्हणाली, “आई, पडदा काळा दिसला तरी आत काम चालू हाय. पुस्तकं क्रमानं लागतायत. बटणाला हात नका लावू.” मी वर्तमानपत्रातून मान न काढता “बरं” म्हटलं.

चार वाजता मी मंडईत जायला निघाले आणि फेरी केली. पडदा काळा होता. बटण बंद केलं. पंख्यासारखा गुरगुरणारा आवाज बंद झाला तेव्हा आठवलं.

तिथंच थांबायला हवं होतं. मी परत चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी धावल्या. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ एकाचाही लागेना. शेवटी पासवर्ड मागून ते अडून बसलं. टीव्ही अडला की करतो तसं मी पुन्हा बंद-चालू केलं. मग पुन्हा. ती यायच्या आत जसं होतं तसं दिसायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

ती आली, कडेवर पिठाचा डबा. मी म्हणाले, “चार वाजता लाईट गेली होती गं.”

“चार वाजता?” ती म्हणाली. डबा आत ठेवून आली आणि यंत्रासमोर बसली.

लिनक्समध्ये ‘हरवले-सापडले’ अशा अर्थाचा एक कप्पा असतो. त्यात तिच्या यादीचे तुकडे निघाले, नावांच्या जागी नुसते आकडे. पहिल्या महिन्याचं काम फ्लॉपीवर होतं, दुसऱ्याचं गेलं. तुमचे बाबा म्हणाले, “फुकटचं ते. जरा लाईट गेली की राम म्हणतं.”

सकाळी कणीक भिजवायला मी डबा उघडला आणि हात थांबला. गिरणी आमच्याच गल्लीच्या टोकाला होती, आमच्याच तारेवर. चार वाजता तुमची आई गिरणीत रांगेत उभी होती, आणि दळण झालेलं होतं.

ती सायबर कॅफेत जाऊन लिनक्सवाल्यांच्या एका गटाला लिहून आली. कोण कुठले लोक, पण त्यांची रीत अशी की चूक सगळ्यांपुढे मांडायची आणि सगळ्यांनी मिळून सोडवायची. दुसऱ्या दिवशी ती उत्तराचा कागद घेऊन आली. रात्री ताटावर बसल्यावर तिनं मला समजावून सांगितलं, “ते म्हणतायत, चूक कुणाची ते नको, काय कसं झालं त्याचा क्रम पाहिजे. आई, लाईट एकदाच गेली, व्हय ना? परत परत चालू-बंद झालं असंल तर तसं कळवते. थोडं तरी परत मिळंल म्हणतायत.”

तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. पण समोर माझा मुलगा बसला होता.

“एकदाच,” मी म्हणाले.

तिनं कागदाची घडी घातली आणि तुमच्या बाबांना आमटी वाढली.

शनिवारी शाळेत तिनं सांगितलं, काम अपुरं आहे, माझ्याकडून नीट राखलं गेलं नाही. हे मला मुख्याध्यापिकांनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “मुलगी प्रामाणिक आहे हो तुमची सून.” जागा दुसरीला मिळाली. रविवारी बटणांच्या पाटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली, यंत्र कसं बंद करायचं त्याची. ती म्हणाली, “आई, फेरीत आता हे बी घ्या.” बाकी काही नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

तुमच्या फोनच्या पोटातही तेच लिनक्स आहे, असं ती सांगते. असेल. हे पत्र तिथं तिलाही वाचायला द्या. त्या लिनक्सवाल्यांना हवा होता तो क्रम असा: दुपारी चार वाजता बटण मी बंद केलं. मग चालू, बंद, चालू, बंद, चालू. लाईट गेलीच नव्हती.