नेऱ्याच्या शेडमधले रविवार

नवरा गेल्यानंतर काही दिवसांनी नेऱ्याहून फोन आला. फोन करणारे पनवेलमधले एक दातांचे डॉक्टर होते. दवाखाना मुलीकडे सोपवून ते नेऱ्याच्या फार्महाऊसवर राहायला गेले होते. त्यांच्या घरामागे एक मोठी शेड होती आणि तिथे दर रविवारी सात-आठ माणसं जमून जुन्या पिकअप गाड्या दुरुस्त करत बसायची. माझा नवरा त्यांतलाच एक.

"वहिनी, घाई काहीच नाही," डॉक्टर म्हणाले, "पण गाडीचं काय करायचं, ते एकदा येऊन बघाल का?"

ती गाडी मी फक्त त्याच्या मोबाइलमध्ये पाहिली होती. शेडवर कधी गेले नव्हते. गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी तो डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी परत आला की बराच वेळ बेसिनपाशी हात घासत उभा राहायचा. "काय केलं आज?" असं विचारलं की "थोडं पत्र्याचं काम," एवढंच सांगायचा. तो तळोज्याच्या कारखान्यात होता आणि मी पनवेलमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांनी एकमेकांना त्रास दिला नाही. घरात बोलणं कमीच होतं, पण माणूस अबोल असतो, असं मी धरून चालले होते. आमचा मुलगा परदेशात असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, विकून टाक. तू कुठे ते सगळं सांभाळत बसणार?"

मीही विकायच्याच विचाराने गेले. नवीन पनवेलहून नेरं तसं लांब नाही. शेडमध्ये पाऊल टाकलं तर गाडी कुठली ते आधी कळेचना. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा होता, इंजिन जमिनीवर, दारं भिंतीला टेकवलेली आणि मागचा माल भरायचा हौदा बाहेर आंब्याखाली पालथा पडलेला. पुढचं लांबट नाक आणि गोल दिव्यांच्या रिकाम्या खोबण्या बघून मग ओळख पटली. सगळे चहाचे कप हातात धरून उभे होते. खारघरचा एक आयटीवाला हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्हाला नको असेल तर मी घेईन. साहेबांनी फार जीव लावला होता तिला."

जीव लावला होता, हे मला कोणीतरी दुसरंच सांगत होतं. मी त्या सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "विकायची नाही. मी पूर्ण करीन."

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हो हो, आम्ही सगळे मिळून करून देऊ. तुम्ही फक्त येत चला."

मग काही रविवार असेच गेले. मला प्लास्टिकची खुर्ची मिळायची, पंखा माझ्याकडे वळवला जायचा, चहा पहिला मला. कशाला हात लावायला गेले की "राहू द्या वहिनी, हात खराब होतील." पाहुणी म्हणून बसायचं आणि पाहुणी म्हणून घरी यायचं.

त्यातून मला काढलं ते गव्हाणच्या दादांनी. दादा सत्तरीचे असतील. त्यांची शेती विमानतळात गेली होती. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा पिकअप होता. त्यातून एके काळी मासळी, पेंढा आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली होती. बाकीचे गाड्या नव्याने उभ्या करत होते, पण दादांची गाडी रोज चालत आलेली. "माजी कदी बंदच नाय परली, तर मी करू काय?" असं म्हणून ते इतरांच्या गाड्यांत डोकं घालत फिरायचे. एका रविवारी त्यांनी माझ्यासमोर पत्र्याचा डबा ठेवला. त्यात आमच्या इंजिनाचा कार्बोरेटर होता, मातीने आणि चिकटाने काळा झालेला.

"वयनी, रगताचं काम केलंत ना तुमी? बारीक नल्या साफ करायची सवय आसल. ह्यो साफ करा."

मी खुर्ची सोडून खाली बसले. पेट्रोलमध्ये एकेक भाग बुडवून, ब्रशने घासून, बारीक तारेने जेटची भोकं मोकळी केली. तारेने भोक मोठं होऊ द्यायचं नाही, एवढंच दादांनी बजावलं होतं. दुपारपर्यंत मान वर काढली नाही. शेवटी एक जेट उजेडात धरला आणि त्यातून पलीकडचं आभाळ टाचणीच्या टोकाएवढं दिसलं. नवरा गेल्यापासून इतका वेळ माझं मन एका जागी राहिलं नव्हतं.

त्यानंतर खुर्ची कोणी मांडली नाही. मी स्प्रिंगचे पाटे सोडवायला शिकले, गंजलेल्या नटावर तेल टाकून धीर धरायला शिकले. हौदा सरळ करून त्याचा सडलेला पत्रा कापला, तेव्हा पत्र्याचं एक टोक मी धरलं होतं. आणि काम करता करता सगळे माझ्या नवऱ्याबद्दल बोलायचे. त्यांना वाटायचं, मला बरं वाटेल.

तो म्हणे नकला फार छान करायचा. त्याच्या मॅनेजरची, आरटीओतल्या एका एजंटाची, डॉक्टरांची तर डॉक्टरांसमोरच. डॉक्टरांनीच मला त्या नकलेची नक्कल करून दाखवली आणि सगळे हसून हसून बेजार झाले. तो लावण्या म्हणायचा. जेवताना एकाच्या डब्यातली चटणी पळवून दुसऱ्याच्या डब्यात लपवायचा. मी हसायचे, "हो, तसाच होता तो," म्हणायचे. घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून त्याला लावणी म्हणताना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करायचे. यायचा नाही. पेपर वाचणारा यायचा, चष्मा पुसणारा यायचा. गाणारा कधीच नाही.

थंडीत डॉक्टरांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भांबुर्डीच्या पाल्यात दडपून मडकं पालथं घातलं आणि भोवती जाळ केला. सगळ्यांच्या बायका, मुलं, नातवंडं आली होती. मी शेंगा सोलत बसले होते, तर खारघरवाला म्हणाला, "वहिनी, पेट्रोलच्या वासाचा त्रास आता होत नाही ना तुम्हाला?"

"कसला त्रास?"

"साहेब सांगायचे ना. तुम्हाला वासाने चक्कर येते, म्हणून आणत नाही. पोपटीला आम्ही दर वर्षी म्हणायचो, वहिनींना आणा, वहिनींना आणा."

त्याची बायको म्हणाली, "मी तर यांना सांगितलं होतं, त्यांना लांब झाडाखाली बसवू."

पेट्रोलच्या वासाचा त्रास मला आयुष्यात कधी झाला नाही. लॅबमध्ये जन्म गेला माझा, वासांचं मला काही नवल नव्हतं. आणि दर वर्षी पोपटी होते, घरची सगळी येतात, हे मला त्या क्षणी कळत होतं. थंडीतल्या एखाद्या रविवारी तो घरी येऊन म्हणायचा, "भूक नाही, डबा उशिरा खाल्ला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "आता नाही होत. बरा झाला तो त्रास."

नंतर मी शेडवर गेले नाही. डॉक्टरांचा फोन आला, तर सर्दी झाली म्हणून सांगितलं. रविवारी मुलाशी बोलणं व्हायचं, त्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तुझे वडील मला फसवून दुसरीकडे गेले नव्हते, चार जुन्या गाड्यांपाशी गेले होते. तिथे हसत होते. मी तिथे यायला नको, एवढंच त्यांना हवं होतं. हे वाक्य मनात जुळवायलाच मला वेळ लागला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. मी कपाटं आवरली, पडदे धुतले आणि संध्याकाळी दिवा न लावता बसून राहिले.

एका दुपारी खालून वॉचमनचा इंटरकॉम आला, एक म्हातारा टेम्पो घेऊन आलाय, सोडू का. दादा होते. पिशवीत सुके बोंबील घेऊन आले. सोफ्यावर अगदी कडेला टेकले.

"वयनी, येत नाय तुमी."

"बरं नव्हतं दादा."

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "त्या वासाचं तुमी खोटं बोल्लात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कार्बोरेटर धुतलात तवा पेट्रोलात नाक घालून बसलेलात. चक्कर येनारा मानूस तसा बसल काय?"

मी विचारलं, "त्याने असं का सांगितलं असेल?"

दादांनी रिकामा कप टीपॉयवर ठेवला. काहीतरी गोड बोलून माझी समजूत काढतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "मना नाय ठाव. तुमच्याबद्दल वंगाल कदी बोल्ला नाय. चांगलं पन नाय. तुमची गोष्टच नाय काराची. आमीनी इचारलं, तरच तो वासाचा सांगाचा."

ऐकायला कठीण होतं. पण इतक्या महिन्यांत त्याच्याबद्दल कोणीतरी मला खरं आणि नेमकं काही सांगितलं, तेही पहिल्यांदाच. मी उठून दादांना आणखी चहा दिला. जाताना दारात चपला घालत ते म्हणाले, "ऐतवारी इंजिन बशिवताव. गारी तुमची हाय. तुमी नाय आल्याव तर आमी नाय बशिवनार."

मी गेले. आता ते त्याच्या गोष्टी सांगायला लागले की मी "तसाच होता" असं म्हणत नव्हते. "मला नाही माहीत, सांगा ना," म्हणायचे. एकदा-दोनदा सगळे गडबडले, मग त्यांना सवय झाली.

इंजिन बसलं, हौदा चढला, रंग झाला. फिकट निळा, तो मी निवडला. त्याला कोणता हवा होता, हे शेडमध्ये माहीत होतं. मी विचारलं नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आधी ठसकलं, बंद पडलं, मग दादांनी चोक जरा आत ढकलला आणि ते एका लयीत चालू राहिलं. टाळ्या वाजल्या. कोणीतरी म्हणालं, "आज साहेब असते तर." मी बॉनेटवर हात ठेवून उभी होते. तो असता तर मी तिथे नसते, एवढंच माझ्या मनात आलं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

गाडी चालवायला दादांनीच शिकवलं. माझी छोटी कार मी रोज चालवते, पण या गाडीचा गिअर खाली आणताना क्लच दोनदा दाबावा लागतो. शेडमागच्या शेतात दादा शेजारी बसायचे. "कलच. नूटल. आता जरा रेस द्या. परत कलच. हां." गिअर करकरला की डोळे मिटून घ्यायचे.

मग मंडळी पांगली. खारघरवाल्याची बदली बेंगळुरूला झाली. डॉक्टरांचे गुडघे गेले, ते आता शेडपर्यंत कमीच येतात. दादांच्या मुलांनी उलव्याला टॉवरमध्ये घरं घेतली आणि त्यांना तिकडे नेलं. तिथे पिकअप उभा करायला जागा नव्हती. तो एका रिसॉर्टवाल्याने दारात शोभेला ठेवायला घेतला. मी एकदा दादांना भेटायला गेले, तर ते गॅलरीत बसले होते. समोर सगळीकडे क्रेन, आणि पलीकडे विमानतळ. "आमचं शेत थयं," म्हणून त्यांनी बोट दाखवलं. मग बोट थोडं डावीकडे सरकवलं, आणखी थोडं, आणि हात खाली घेतला. "आता नाय समजत," म्हणाले. माझ्या गाडीचं विचारलं. क्लच जड लागतो म्हटल्यावर त्यांनी तो कसा सैल करायचा ते समजावून सांगितलं. मग सून जेवायला बोलवायला आली.

मी अजूनही रविवारी नेऱ्याला जाते. बरेचदा शेडमध्ये मी एकटीच असते. तेल बघते, पाणी बघते, बॅटरीची टोकं पुसते आणि धोदाणीच्या रस्त्याला एक चक्कर मारून येते.

परवा असंच निघाले होते, तर वळणावर वीटभट्टीवरून सुटलेल्या कातकरी बायका उभ्या होत्या. एकीने हात केला. "बाय, वाडीपरत सोडतीस का?"

"बसा की. एकजण पुढे या, जागा आहे."

"नको, आमी मागंच बऱ्या."

हौद्याचा मागचा फाळका पाडला. सगळ्या आत चढल्या, डबे आणि पाट्या घेऊन दाटीवाटीने बसल्या. गाडी निघाली तसं त्यांचं बोलणं सुरू झालं. मधल्या काचेतून शब्द कळत नव्हते, हसणं तेवढं ऐकू येत होतं. खड्डा आला की ओरडायच्या आणि पुन्हा हसायच्या. मी आणखी सावकाश चालवायला लागले.

वाडी आली तेव्हा त्यांनी पत्र्यावर थाप मारली. उतरून सगळ्या पायवाटेला लागल्या. एक म्हातारी मात्र माझ्या खिडकीशी आली आणि आत वाकून रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"एकलीच फिरतीस?"

"हो."

"कुटं चाललीस?"

"कुठे नाही. अशीच."

तिने मान हलवली. "बरं. सांभालून जा," म्हणाली आणि बाकीच्यांच्या मागे निघाली. सगळ्याजणी झाडीत दिसेनाशा होईपर्यंत मी तिथेच थांबले. मग गाडी मागेपुढे करत त्या अरुंद रस्त्यात वळवली, शेडमध्ये ठेवली आणि घरी आले.