मामा आणि वरचे सूर

मामा हे नाव कंपनीत त्यांना कुणी ठरवून दिलं नव्हतं. कंपनी काढणारी त्यांची सख्खी भाची. ती मामा म्हणायची म्हणून संगणक सांभाळणारा दाढीवालाही म्हणू लागला, मग वकीलबाई, मग दारावरचा रखवालदार. बघता बघता त्यांचं खरं नाव फक्त पासबुकापुरतं उरलं.

त्याआधी मामांचं कॅसेटचं दुकान होतं. दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, चपलांच्या दुकानाला चिकटून. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की मामांना पोट आत घ्यावं लागे. भिंतींना खालपासून वरपर्यंत कॅसेट आणि काउंटरच्या टोकाला एक जुना, कान दाबणारा हेडफोन, एरवी मामांच्याच कानांवर चढलेला. गिऱ्हाईक त्यावर ऐके आणि मामा गिऱ्हाइकाकडे बघत. "गाणं आत गेलं की माणसाचे खांदे उतरतात," ते म्हणत. "मग तो घेवो नाहीतर न घेवो." शाळा सुटली की भाची दुकानात येई, आई कामावरून परतेपर्यंत एका उलट्या खोक्यावर बसून गृहपाठ करी. नवी कॅसेट लागली की मात्र पेन्सिल खाली ठेवून मामांच्या तोंडाकडे टक लावून बसे.

पुढे सीडी आल्या आणि त्याही गेल्या. दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकानं घेतलं. त्यानंतर मामा कितीतरी दिवस त्या कोपऱ्यावरून गेले नाहीत. भाजी आणायची तरी लांबचा वळसा घालून जात.

अशात एका दुपारी भाची घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "मामा, मी नोकरी सोडली."

"का गं? भांडलीस कुणाशी?"

"भांडले नाही. गाण्यांची कंपनी काढतेय, इंटरनेटवर. लोक फोनवर ऐकणार आणि कुठल्या वेळी काय ऐकावं ते आपण निवडून द्यायचं. तू येतोस का? नोकर म्हणून नाही, भागीदार म्हणून."

मामांनी कप खाली ठेवला. "ठमे, मला साधा मेल पाठवता येत नाही."

"मेल पाठवायला माणसं मिळतात रे."

आतून मामी म्हणाल्या, "घेऊन जा बाई त्यांना. दिवसभर माझ्या भांड्यांचे सूर लावत बसतात. हे पातेलं चढं लागतंय म्हणे!"

कंपनीची पहिली जागा म्हणजे एका लाँड्रीवरची खोली. खालच्या वाफेनं फरशी कायम कोमट, हवेला साबणाचा वास, आणि मोठी यंत्रं फिरू लागली की टेबलावरची पेनं आपोआप कडेला सरकत. खुर्च्या तीन होत्या. चौथ्यानं स्पीकरच्या खोक्यावर बसायचं. संगणकाची सगळी बाजू दाढीवाल्याकडे. त्याची बोटं कधी स्वस्थ नसत. टेबल, भिंत, स्वतःची मांडी, जे हाताशी येईल त्यावर तो ठेका धरी. गाण्यांचे हक्क आणि करार वकीलबाई बघत. रेकॉर्ड कंपन्यांशी त्या फोनवर अशा कडाडत, की खालचा इस्त्रीवाला इस्त्री उभी करून ऐकत राही. आणि फोन ठेवल्यावर एखादं हळवं गाणं लागलं, की याच बाई पर्समध्ये रुमाल शोधू लागत.

सोमवारी सकाळी चौघांची बैठक असे. त्यात एक नियम होता. पाळीपाळीनं एकानं आपल्या मनातलं एक गाणं लावायचं आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. कामाचं नंतर. "आधी गाणं, मग गाऱ्हाणं," असं भाचीनं खडूनं दारावर लिहून ठेवलं होतं. एकदा कंपनीत पैसे घालायला म्हणून एक कोटवाले गृहस्थ आले आणि गाणं चालू असताना सारखे घड्याळ बघू लागले. गाणं संपल्यावर भाची शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही आमच्यासाठी फार घाईतले आहात." गृहस्थ गेले. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला, पण जिन्यात गृहस्थांची पावलं विरल्यावर सगळ्यात आधी हसू त्यांनाच फुटलं.

गाणी निवडायचं काम मामांचं, पण त्यांचं सगळं बरोबरच येई असं मुळीच नाही. सकाळच्या गाण्यांत त्यांनी एकदा एक विरहाचं गाणं घातलं. चाल त्यांना फार प्रसन्न वाटली होती. एका श्रोत्यानं कळवलं, "दाढी करताना हे लागलं. अर्धी दाढी तशीच ठेवून झोपलो, कामावर गेलोच नाही." मग कितीतरी दिवस दाढीवाला आल्या आल्या विचारी, "काय मामा, आज कुणाची सुट्टी?"

कंपनी वाढली. लाँड्री सुटली आणि काचेच्या खोल्यांचं मोठं ऑफिस आलं, पायाखाली जाड गालिचा आला. मामांना तिथं पहिले काही महिने आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलोय असं वाटे. सोमवारचं गाणं तेवढं टिकलं होतं.

अशाच एका सोमवारी भाचीची पाळी होती. एका जुन्या टेपवरचं गाणं दाढीवाल्यानं खरखर काढून स्वच्छ केलं होतं, ते तिनं लावलं. मामांनी या गाण्याच्या कॅसेट दुकानात कितीतरी विकल्या होत्या. गाणं संपलं. मामा म्हणाले, "आवाज झकास निघालाय. पण बासरी का उडवलीत? दुसऱ्या कडव्याआधी ती एकटी वर जाते आणि जीव टांगून ठेवते. ती कुठाय?"

दाढीवाल्याची बोटं टेबलावर थांबली.

"मामा, बासरी आहे," भाची हळू आवाजात म्हणाली.

"पुन्हा लाव बघू."

तिनं लावलं. पहिलं कडवं सरलं. ती जागा आली. मामांच्या कानात नुसता ठेका होता आणि त्यामागे मोकळी पोकळी. त्यांनी समोर पाहिलं. वकीलबाईंनी डोळे मिटले होते. दाढीवाल्याची मान किंचित कलली होती. तिघांचेही खांदे उतरले होते. बासरी वाजत होती, आणि ती मामांना फक्त दिसत होती.

"हं, आहे खरी," असं खोटंच म्हणून मामा पाणी प्यायला उठले.

घरी त्यांनी मामींना आडून विचारलं, "मला कमी ऐकू येतं का गं?"

"किटली शिट्टी मारमारून कोरडी पडते, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसलेले असता," मामी म्हणाल्या. "मला आपलं वाटलं, माणूस आळशी झालाय."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उंच सूर आधी जातात. वयानं जातात, आणि जन्मभर हेडफोन लावला तर लवकर जातात. गेलेले परत येत नाहीत. यंत्र मिळालं. त्यानं माणसांचं बोलणं स्वच्छ झालं, पण गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजे. मामांनी ते काढून कपाटात ठेवलं आणि कंबर धरलीय म्हणून ऑफिसला जायचं बंद केलं.

कंबर काही सुटेना, तेव्हा तिघंही घरी आली. मामांनी सांगून टाकलं, "मी बाजूला होतो. ज्याला ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्याला काय ऐकवायचं?"

"आमच्यातलं कोण सगळं ऐकतं?" वकीलबाई म्हणाल्या. "मी शब्दांपलीकडे जात नाही. याला ठेक्याशिवाय काही कळत नाही."

"आणि ही?"

"तिलाच विचारा."

भाची खिडकीबाहेर बघत होती. "मी तुझ्याकडे बघते," ती म्हणाली. "लहानपणापासून. गाणं चांगलं की वाईट हे मला कधी थेट कळलंच नाही, मामा. तुझ्या तोंडाकडे बघून कळायचं. अजून तसंच आहे."

मामा म्हणाले, "मग आता तुला स्वतःला ऐकावं लागेल, ठमे. माझं वरचं गेलं ते गेलं." आणि या शब्दापासून ते हटले नाहीत. निवड त्यांनी सोडली. ती भाचीनं घेतली. सुरुवातीला ती चाचपडली, एकदोनदा रडलीसुद्धा, आणि मग तिला जमू लागलं. मामांनी तिला काही सुचवलं नाही. हे त्यांना गाणी सोडण्याहून जड गेलं.

सोमवारी मात्र ते जात. अशाच एका सोमवारी दाढीवाल्यानं जाड तारांची एक बास गिटार आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "हिला वर जायचं कामच नाही, मामा. हिचा सगळा कारभार तळमजल्यावर." मामांनी तार छेडली. आवाज पोटात, हाडात शिरला. पुरा, कुठंही न तुटलेला. इतक्या महिन्यांत असा अख्खा सूर त्यांना मिळाला नव्हता. त्यांनी पुन्हा छेडली, आणि पुन्हा.

मग चौघं काम संपल्यावर काचेच्या खोलीत वाजवू लागली. वाईट वाजवत. भाची शाळेत शिकलेलं व्हायोलिन काढी आणि बाहेरचे लोक सामान आवरून पळत. "हिचं व्हायोलिन हल्ली किती गोड झालंय!" मामा म्हणत. त्यावर दाढीवाला म्हणे, "मामा, मलाही तुमचेच डॉक्टर सांगा." सुरांची गणितं चुकत, गाणं मधेच कोसळे, आणि वकीलबाई हसता हसता खाली बसत. मामांना पुढे कंपनी आठवे तेव्हा श्रोत्यांचे आकडे किंवा पेपरातले फोटो आठवत नसत. हे आठवे.

कारण ते फार दिवस टिकलं नाही. एका मोठ्या कंपनीनं त्यांची कंपनी विकत घेतली. दाढीवाला समुद्राकाठच्या गावी राहायला गेला. वकीलबाई बहिणीकडे गेल्या. भाची नव्या मालकांकडे राहिली, पण तिथं बैठका थेट कामानंच सुरू होत. सुट्टीच्या दिवशी ती येई आणि सांगे, "मामा, काल एक गाणं सापडलंय." मामा विचारत, "कसं आहे?" ती आता कुणाकडे न बघता सांगे.

एरवी दुपारी मामा एकटेच गिटार घेऊन बसत. एकट्या बासचं गाणं होत नाही. वर काहीतरी लागतं. ते तेच चार सूर फिरवत बसत आणि मन भलतीकडेच जाई. अशाच एका दुपारी मामी शेंगा सोलत होत्या आणि आपल्याच नादात गुणगुणू लागल्या. आवाज जाड, सूर थोडा उतरलेला. मामांना तो सगळा ऐकू आला. त्यांनी मान न वळवता बोटं त्या सुराखाली सरकवली. मामी थांबल्या, तसे तेही थांबले.

"का हो, थांबलात का?"

"तू थांबलीस म्हणून."

"मला कुठं येतं गाता?"

"मला तरी कुठं वाजवता येतं? म्हण."

मामींनी शेंगांचं ताट बाजूला सारलं, पदरानं नाही, तर चक्क मामांच्या पेपरानं हात पुसले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.