आत्याची लेव्हल

मी मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून जे टिपण लिहितात, ते भिवंडीत घरी बसून वाचायचं आणि ती भेट किती अवघड होती याची लेव्हल ठरवायची. किरकोळ दुखणं असेल तर दोन, जिवावरचं असेल तर पाच.

सुरुवातीला माझ्या लेव्हल सारख्या चुकायच्या. टिपण लांबलचक दिसलं की मी चार टाकून मोकळी. एकदा काम तपासणाऱ्या मॅडमचा फोन आला.

"यात अडीच पानं पेशंटच्या कुत्र्याबद्दल आहेत. पेशंटला काय झालंय?"

"सर्दी."

"मग चार कोणाला दिले, कुत्र्याला? पानं मोजू नकोस. आजार केवढा आणि डॉक्टरांनी ठरवलं काय, ते बघ."

मला पटलं, पण डोक्यात शिरलं नाही. त्याच आठवड्यात अकलोलीहून आत्या आली. तिचा गुडघा जरा आखडला होता, म्हणून मी तिला निजामपुऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. आत्याने गुडघ्यापासून सुरुवात केली आणि सुनेच्या भाजीत मीठ कसं कमी असतं इथवर पोचली. डॉक्टर मान डोलावत राहिले. शेवटी म्हणाले, "काही नाही, शेक घ्या."

आमच्यानंतर शेजारच्या गल्लीतले पॉवरलूमवाले काका आत गेले. दोन मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर धावत आले आणि कंपाउंडरला ओरडून म्हणाले, "छातीत दुखतंय यांच्या. रिक्षा बुलाव, सीधा हॉस्पिटल!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मोठ्याने बोलून गेले, "म्हणजे काकांना पाच आणि आत्याला दोन!"

काका वेळेत पोचले आणि वाचले. आत्या मात्र घरी येईपर्यंत फुगलेलीच होती.

"दोन काय गं?" चहा पुढे केल्यावर ती म्हणाली. मी समजावून सांगितलं. तिचा चेहरा आणखी पडला.

"मी येवढा वेळ बोललू, नि मना दोन? तो काय बोलला पन न्हाय, नि त्याला पाच?"

"आत्या, कमी लेव्हल चांगली असते!"

"आमच्यात दोन मार्काला नापास बोलतात."

महिन्याभराने ती परत आली, या वेळी तयारीने. डॉक्टरांपुढे बसून तिने बोटांवर दुखणी मोजली: चक्कर, जांभया, डावी टाच, उजवी टाच. "टाचा दोन धरा," तिने बजावलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चक्कर येते म्हटल्यावर बीपी बघितलं. ते खरंच वाढलेलं निघालं.

"गोळी सुरू करावी लागेल," ते गंभीरपणे म्हणाले. "रोज. बहुतेक कायमची."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मनात हिशोब केला: कायमचा आजार, ताब्यात नाही, नवं औषध. हळूच चार बोटं दाखवली.

आत्याने टाळीच वाजवली. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. बीपीची बातमी ऐकून इतकी खूश झालेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांनी बीपी पुन्हा मोजलं. आनंदाने ते आणखी वाढलं होतं.

"आता पाच?" आत्याने विचारलं.

मी तिला हाताला धरून बाहेर आणलं.