दरोगामामांचं बोट

आमचे देवासचे दरोगामामा धारला आले, की जोडे काढायच्या आधी मांजरीच्या वाडग्यात बोट बुडवीत. घरच्या माणसांची खुशाली त्यानंतर. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. दरबारच्या शिकारी कुत्र्यांवर तीस वर्षं दरोगा होते. देवासात राजगाद्या दोन. पण कुत्रं आजारी पडलं, की दोन्हीकडचे मानकरी मामांच्याच ओसरीवर निमूट येऊन बसत.

"माणूस कण्हून सांगतो, जनावर पाणी पिऊन सांगतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. तहान एकाएकी वाढली, की आत कुठेतरी बिघडलंच म्हणून समजा.

मी अर्थातच समजलो नव्हतो. आमची म्हातारी मांजर गुलाबबाई वैशाखात वाडग्यामागून वाडगी रिचवू लागली, तेव्हा मी कचेरीत ऐटीत सांगितलं, "लोक वैशाखात पाणपोई घालतात, माझी घरातच चालू आहे!" पुढे गुलाबबाईनं माझ्या दप्तरावर दोनदा ओल केली, तेव्हा पुण्य आवरतं घेऊन मी वाडगंच उचलून ठेवलं. बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं आणि मामांना पत्र टाकलं.

मामा आले. कोपऱ्यात वाडगंच नाही. फळीवरून काढून त्यात बोट फिरवलं, कोरडं ठणठणीत. मी चोरासारखा उभा. पण मामा पडले जुन्या वळणाचे. जावयाला रागे भरणं त्यांच्या रीतीत बसेना. ते मांजरीपुढे मांडी घालून बसले.

"गुलाबबाई, जावईबापूंना सांगा, पाणी तोडल्यानं दुखणं तुटत नाही, जीव तुटतो."

"पण मामा, ती सारखी..."

"गुलाबबाई, त्यांना म्हणावं, धूर दिसला म्हणून कोणी धुराड्यात बोळा कोंबत नाही. आधी चूल बघतात."

मग त्यांनी तिचं तोंड हुंगलं, पाठ चाचपली आणि भाचीला म्हणाले, "म्हातारपणानं मूत्रपिंडं थकलीत, बाळ. बरी नाही होणार. पण पाणी भरपूर ठेवलंस तर राहील." बायकोनं माझ्याकडे न बघता वाडगं काठोकाठ भरलं.

गुलाबबाई राहिली. पुढल्या वर्षी मामा आले, वाडग्यात बोट बुडवून खूश झाले आणि जेवायला बसले. बघतो तर पहिला भात संपायच्या आत त्यांनी तिसरा तांब्या रिकामा केला. वडीलधाऱ्यांना टोकायचं कसं? मी धीर करून मांजरीकडे वळलो.

"गुलाबबाई, मामांना सांगा, हा तिसरा."

मामांना हसता हसता ठसका लागला. "वा भिया!" ते माळवी थाटात म्हणाले, "चेला तयार झाला!" मग हसू ओसरलं. त्यांनी तांब्यात बोट घातलं, बाहेर काढून पाहिलं. "सगळ्या गावाची वाडगी पाहिली," ते हळूच म्हणाले, "हा तांब्या बघायचा राहिला."

वैद्यांनी मधुमेह सांगितला. मामांनी गूळ सोडला, श्रीखंड सोडलं. पण उशीर झाला होता.

देवासहून तार आली, तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. मी तार घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. कोपऱ्यात गुलाबबाई पाणी पीत होती. तिच्यापाशी बसलो.

"गुलाबबाई," मी म्हणालो, "बाईसाहेबांना सांगा..."

लाटणं थांबलं.