अप्पांच्या ताटाचा बंदोबस्त

२० जुलै २०२५, रविवार. ईश्वरीच्या गल्ल्यातून अठ्ठेचाळीस रुपये निघाले. कागदी प्लेटांचा गठ्ठा साठाला होता. उरलेले नंतर देते म्हणून तिनं तो गोपाळच्या दुकानातून उचलला.

सोनपेठच्या बाजारात तिच्या वडिलांचं, सिद्धलिंगअप्पांचं, भांड्यांचं दुकान, आणि मागं घर. घरात स्टीलची ताटं इतकी की गल्लीतलं एखादं लग्न सहज निघालं असतं. तरी लेकीनं कागद आणला, तो अप्पांमुळं. अप्पा गळ्यात लिंग बाळगणारे. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचे, बोटानं ताट निपटून धुवायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. अन्नाचा कण वाया जाऊ नये, ही वाडवडिलांची रीत. ईश्वरीला मात्र तो शेवटचा घोट बसस्टँडपर्यंत ऐकू जातो असं वाटे. म्हणून पाचवीपासून ती मैत्रिणींना सांगत आली होती, की आमच्या घराला रंग द्यायचं काम चालू आहे. आता ती आठवीत होती. एवढ्या काळात अख्खं सोनपेठ रंगवून झालं असतं.

यंदा वाढदिवसाला दीपिका आपणहून येते म्हणाली. ही बँकेतल्या साहेबांची मुलगी. तिनं कधी ईश्वरीला घरी बोलावलं नव्हतं. मोठ्या लोकांचं तसंच असतं, असं ईश्वरी समजून होती. पाहुण्याला सोडून अप्पा वेगळे जेवायला बसणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. मग उपाय एकच. धुवायला ताटच नसेल तर माणूस पिणार काय?

आई त्रिवेणीबाई प्लेटा बघून कुरकुरली, पण लेकीचा वाढदिवस म्हणून तिनं त्यांतच वाढलं.

जेवण उरकलं. अप्पांनी सवयीनं प्लेटीत पाणी ओतलं. बोट फिरेस्तोवर प्लेट मधोमध दुमडली आणि वरणाचं पाणी पांढऱ्या धोतरावर उतरलं. उरलंसुरलं त्यांनी घाईनं तोंडाला लावलं. घोट वाजलाच.

"काका," दीपिकानं विचारलं, "भांड्यांचं दुकान तुमचंच ना? मग घरात ताटं नाहीत का?"

अप्पांनी लेकीकडं बघितलं. बापाला कंगाल ठरवायचं, नाहीतर खरं सांगायचं. ईश्वरीनं मान खाली घालून खरं सांगितलं.

"एवढंच?" दीपिका म्हणाली. "आमचे पप्पा तर जेवलेल्या ताटातच हात धुतात. वर चूळ भरतात. म्हणून मी तुला बोलवत नव्हते."

धोतर पिळता पिळता अप्पा थांबले.

"ताटात चूळ? शिव शिव. शिकल्यासवरल्या लोकांच्या घरी काय काय चालायलंय बगा."

ते उठून दुकानात गेले आणि खिरीसाठी दोन कोरी ताटं घेऊन आले. ईश्वरीच्या घराचा रंग त्या दिवशी एकदाचा वाळला. मग अप्पांनी प्लेटांचा गठ्ठा कुठनं आला ते विचारलं. गोपाळचं नाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ह्याच कागदानं त्यांचं लग्नसराईचं गिऱ्हाईक पळवलं होतं.

"त्याला एक छदाम मिळणार न्हाई," ते म्हणाले.

गोपाळचे बारा रुपये अजून द्यायचे आहेत.